न बदलणारी तार

तापून लाल होणाऱ्या तारेवर ज्याने चाळीस वर्षे पोट भरले, त्याला भेटणारा प्रत्येकजण एकच विचारतो: विजेचा झटका किती वेळा बसला? त्याचे उत्तर सांगण्याजोगे नाही. झटका या कामात सर्वांनाच बसतो. सांगण्याजोगी गोष्ट एका वीतभर तारेची आहे. ती मी स्वतः निवडली, स्वतः वळली, आणि चुकीची दिली.

सांगलीत गणपती पेठेच्या मागच्या गल्लीत माझे लहानसे दुकान होते. हीटरच्या कॉइली दुरुस्त करणे आणि नव्या वळून देणे, एवढाच उद्योग. इस्त्री, पाणी तापवण्याची शेगडी, अंडी उबवण्याची पेटी, हळदीतील ओल तपासण्याची छोटी भट्टी, असे जे जे विजेवर तापते ते माझ्याकडे येई. या विद्येचे मूळ साधे आहे. वीज तारेतून जाऊ लागली की तार तिला अडवते, आणि अडवता अडवता स्वतः तापते. त्या अडवणुकीला रोध म्हणतात आणि तो मीटरवर मोजता येतो. तार कोणत्या धातूची, किती जाड आणि किती लांब, यावर ती किती अडवील व किती तापेल हे ठरते. उरते ते सळईवर फेरे वळण्याचे काम; त्यात एक फेरा कमी पडला तर कॉइल जळते आणि एक जास्त झाला तर ताप कमी पडून गिऱ्हाईक परत येते.

माझे वडील पाटणजवळच्या एका खेड्यात भिक्षुकी करीत. मी साताऱ्यास पाठशाळेत आठ वर्षे संस्कृत शिकलो. घरी परतलो तेव्हा एका गावाची भिक्षुकी दोघा भावांना पुरणारी नव्हती. ती थोरल्याकडे राहिली आणि मी माधवनगरच्या गिरणीत विजेच्या खात्यात लागलो. तेथे कांबळे मिस्त्री माझे गुरू झाले. त्यांच्या वडिलांनी छप्पन साली धम्मदीक्षा घेतली होती. पहिल्या दिवशी माझी शेंडी त्यांनी नुसती पाहून घेतली. दुसऱ्या दिवशी मात्र माझे हलणारे ओठ पाहून थांबले.

"काय पुटपुटतोस रं?"

"फेरे मोजतो आहे."

"मग आकडं म्हण की."

मी म्हणालो, "आकड्यांत मन भटकते. संध्येतली चोवीस नावे म्हणतो. एका फेऱ्याला एक नाव. नाव चुकले तर जिभेला लगेच कळते."

मिस्त्रींनी माझी कॉइल हातात घेतली, नखाने एकेक फेरा मोजला आणि परत दिली. "तोंडात काय बी धर. पर तार उचलायच्या आधी तीन गोष्टी इचारायच्या. वीज किती, ताप किती, आन् तिच्याजवळ बसणार कोण. तिसरी लोकं इचारत न्हाईत. आन् तिसरीच लय महत्त्वाची."

पुढे स्वतःचे दुकान थाटले तेव्हा हे तीन प्रश्न आणि ती चोवीस नावे, एवढेच भांडवल बरोबर आणले. एकदा हळदीच्या एका व्यापाऱ्याने पिशव्यांची तोंडे बंद करण्याचे यंत्र आणले. त्याची तापणारी तार कोणीतरी लोखंडाची बसवली होती. लोखंड जसे तापते तसा त्याचा रोध वाढत जातो. त्यामुळे पहिल्या दहा पिशव्या करपत आणि पुढच्या उघड्या राहत. मी नायक्रोमची तार बसवली. निकेल आणि क्रोमियम यांच्या या मिश्रधातूचा मोठा गुण असा की गार असो वा लालबुंद, रोध जवळजवळ तेवढाच राहतो. यंत्र दिवसभर एकसारखे चालले. व्यापारी म्हणाला, "गुरुजी, माणसं अशी मिळाली असती तर." मलाही तेच वाटले. सुखात आणि दुःखात जो सम राहतो तो श्रेष्ठ, हे पाठशाळेत शिकलो होतो. धातूंतही तोच श्रेष्ठ असे मी मानून चाललो. नायक्रोमचे रीळ मी फळीवर सर्वांत वर ठेवीत असे. हा मान माझ्या पुढच्या चुकीचे अर्धे कारण ठरला.

बिराप्पा दुकानात आला तो माघ महिना होता. जत तालुक्याकडचा, चाळिशीचा, उंच, धनगर घराण्यातला. आजोबा मेंढरे राखीत, वडील निम्मी मेंढरे, निम्मी शेती करीत, आणि हा पाच वर्षे मस्कतला ट्रेलर चालवून परतला होता. आता हळदीच्या पोत्यांचा ट्रक घेऊन सांगलीच्या बाजारात येई. त्याने खिशातून एक धातूची डबी काढली आणि झाकण उघडून माझ्यापुढे ठेवली. आत दोन खिळ्यांमध्ये काळवंडलेली बारीक कॉइल होती आणि तिच्यातून कापसाची वात ओवलेली होती.

"गुर्जी, अशी तार पायजे. सात फेरं. मस्कतची संपली."

"हे काय आहे?"

"बिडी सोडायचं यंत्र हाय. कापसाला तंबाखूच्या अर्काचं औषध लावायचं, तार तापती, वाफ ओढायची. पानं जळत न्हाईत, धूर न्हाई."

ई-सिगारेट म्हणतात ते हे यंत्र विकणे, बनवणे वा आणणे आज आपल्या देशात कायद्याने बंद आहे, आणि ते योग्यच आहे असे माझे मत आहे. ही हकीकत त्या बंदीच्या आधीची. त्या वेळी मला कायद्याचा प्रश्न नव्हता, शुचितेचा होता. ज्या हाताने सकाळी अर्घ्य दिले त्या हाताने ओढण्याच्या यंत्राची तार वळावी, हे मला आवडले नाही. तसे मी बोललो नाही, पण चेहऱ्यावर उमटले असावे.

बिराप्पा हसून म्हणाला, "तुमाला आवडलं न्हाई, कळलं. मला बी आवडत न्हाई. पर दिसाला तीस बिड्या वडत हुतो. चैतात आमच्या बिरोबाची जत्रा हाय. सुंबरान मी मांडतो. आज्जा मांडायचा, मग बा, आता मी. वरच्या पट्टीत गेलं की आवाज फाटतोय. बिडी सुटली तर गळा ऱ्हातोय, न्हाईतर दुसऱ्याला उभा करत्यात."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. धनगरी ओवीत पुढचा गायक प्रथम देवांचे स्मरण करतो, त्याला सुंबरान मांडणे म्हणतात. तो कानावर हात ठेवून ओळ उंच नेतो आणि मागचे तिला उचलून धरतात. ते स्थान घराण्यात चालत येते आणि एकदा गेले की सहसा परत येत नाही. म्हणजे बिराप्पाने माझ्यापुढे काय मांडले होते, ते मला तेव्हाच कळायला हवे होते.

तो आणखी एक गोष्ट बोलला. डबीवरचा छोटा पडदा दाखवून म्हणाला, "ह्यात ताप ठरवता येतो. आकडा लावला की त्येच्या वर तार तापत न्हाई. कापूस करपत न्हाई."

कोणत्याही कॉइलवाल्याने येथे थांबून विचारायला हवे होते की यंत्राला ताप कळतो कसा. आत तापमापक कोठे आहे? मी विचारले नाही. वीज किती, तेही पुरते पाहिले नाही. जवळ कोण बसणार, हे तर त्याने न विचारता सांगितले होते आणि मी ते ऐकून बाजूला ठेवले. काम लवकर हातावेगळे करावे, एवढीच इच्छा होती. वरच्या फळीवरचे नायक्रोम काढले. सर्वांत चांगली तार देत आहोत, म्हणजे आपले कर्तव्य झाले, असे मनाचे समाधान केले. आणि वळताना नावे घेतली नाहीत. ज्या वस्तूतून ओढायचे तिच्यावर केशवाचे नाव नको, म्हणून एक, दोन, तीन असे सात आकडे मोजले. अशा चार कॉइली वळून त्याला दिल्या.

तीन आठवड्यांनी तो परत आला. बरोबर त्याची पत्नी हिराबाई होती. बिराप्पाने मान लववून नमस्कार केला, पण तोंड उघडले नाही. हिराबाईने डबी माझ्यापुढे ठेवली.

"आवं गुर्जी, तार इकता का कोळसा?"

मी झाकण उघडले. वात मध्यभागी पार जळून काळी झाली होती. वास कागद जळावा तसा होता.

"ह्यांनी बोलायचं न्हाई म्हनून मी आलीया. मिरजंच्या डागतरनं सांगितलंय, म्हैनाभर गप ऱ्हायचं. आतनं गळा सुजलाय, रगात साकळलंय. जत्रा म्हैन्यावर आलीया."

मी बिराप्पाला विचारले, "करपट लागले तेव्हाच थांबला का नाहीत?"

त्याने पत्नीकडे पाहिले. ती म्हणाली, "मी बी तेच इचारलं. तर म्हनत्यात, मला वाटलं बिडीवानी लागतंय, म्हंजी बरं हाय. मस्कतची तार गुळमट लागायची, ही खरी लागती. वाती मीच वळून दिल्या, गुर्जी. देवाच्या दिव्याच्या कापसाच्या. दिवसभर वडलं आन् सांच्याला रियाज केला."

जन्मभर बिडी ओढलेल्या माणसाला जळलेल्या कापसात ओळखीची चव लागली, यात त्याचा दोष नव्हता. ताप आवरतो असे यंत्र सांगत होते आणि त्याने त्यावर विश्वास ठेवला होता. मग यंत्राने ताप का आवरला नाही, हा प्रश्न तीन आठवडे उशिरा मी स्वतःला विचारला.

डबी पूर्ण उघडून पाहिली. आत तापमापक नव्हता. वीज जाण्याच्या आणि येण्याच्या दोन वाटांखेरीज तारेला काहीच जोडलेले नव्हते. म्हणजे यंत्राला जे कळत होते ते तारेकडूनच कळत होते. मस्कतची काळवंडलेली जुनी कॉइल बिराप्पाने जपून ठेवली होती. ती मागून घेतली आणि मीटरला लावली. सांध्याला कथलाचा डाग देण्याची गरम कावी तिच्याजवळ नेली. आकडा चढू लागला. कावी दूर केली, आकडा उतरला. मग माझी नायक्रोमची कॉइल लावली. कावी अगदी टेकवली तरी आकडा जागचा हलेना.

हिराबाई मीटरकडे वाकून पाहत होती. "म्हंजी ती तार तापली की सांगती, आन् ही गप ऱ्हाती."

"होय. यंत्र सारखे विचारते, तापलीस का? तार तापली की तिचा रोध वाढतो. तो पाहून यंत्र वीज कमी करते. माझी तार लाल झाली तरी रोध तेवढाच. यंत्राला वाटले, अजून गारच आहे. ते वीज ढकलत राहिले."

"आमच्या घरात बी तसंच हाय," ती नवऱ्याकडे बोट दाखवून म्हणाली. "मी तापले की सांगते. ह्ये सांगत न्हाईत. मग करपतं."

बिराप्पा आवाज न करता हसला. माझ्या दुकानात तेवढे हसणे त्या दिवशी मला जड गेले. मी त्यांना स्पष्ट सांगितले की तार खोटी नव्हती, निवड चुकली होती आणि ती निवड माझी होती. आमच्या धंद्यात असे बोलण्याची पद्धत नाही; दोष विजेच्या दाबाला द्यायचा असतो.

त्याने बिडीकडे परत जाऊ नये म्हणून न बोलण्याची मुदत संपल्यावर काय करावे, हे त्यांनी डॉक्टरांना विचारले होते. डॉक्टर म्हणाले होते, दोन्ही सोडलेले उत्तम. न जमल्यास निदान करपलेले काही ओढू नका. म्हणून हिराबाई नवी तार मागत होती. मी या वेळी पूर्ण दिवस मागून घेतला.

तापाप्रमाणे बोलणाऱ्या तारा तीन प्रकारच्या मिळतात. शुद्ध निकेल सर्वांत स्पष्ट बोलते, पण फार मऊ असते, त्याचा रोध फारच थोडा असतो, आणि निकेल काहींच्या अंगाला सोसत नाही. टायटॅनियमही चांगले बोलते. मात्र चुकून लाल झाले तर त्यावर पांढरी भुकटी धरते आणि ती श्वासात जाणे बरे नाही. तिसरी उत्तम प्रतीच्या स्टेनलेस पोलादाची. ती थोडेच बोलते, पण खरे बोलते. ताठ असते आणि एखादी चूक सोसते. औषधांच्या कारखान्यासाठी मागवलेल्या अशा पोलादी तारेचे एक रीळ माझ्याकडे खालच्या फळीवर, धुळीत पडून होते. ज्या गुणासाठी मी तिला खाली ठेवले होते, त्याच गुणाची येथे गरज होती. बदलत नाही ते श्रेष्ठ, ही माझी समजूत इस्त्रीपुरती खरी होती. ज्याच्या जवळ माणसाचा श्वास आहे, तेथे बदलणारी आणि बदल कळवणारी तारच हवी.

दुसऱ्या दिवशी दोघे आले. मी सळई घेतली, तार धरली, आणि या वेळी मोठ्याने मोजले. केशव, नारायण, माधव, गोविंद, विष्णू, मधुसूदन, त्रिविक्रम. बिराप्पा माझ्या हातांकडे पाहत प्रत्येक नावाला एकेक बोट मिटत होता. मी तार तोडायला पक्कड उचलली, तोच हिराबाई म्हणाली, "गुर्जी, आमचा बिरोबा ऱ्हायला की."

"फेरे सातच सांगितले आहेत."

"मग एक वाढवा. तुमचं सात, आमचा एक. काय बिघडतंय का?"

मी मीटर लावून पाहिला. पोलादाचा रोध नायक्रोमपेक्षा बराच कमी असतो. सात फेऱ्यांत तो थोडा उणाच पडत होता. आठवा फेरा दिल्यावर आकडा यंत्राला हवा तेथे बसला. नुसते सौजन्य म्हणून नव्हे, हिशेबानेही ती बाई बरोबर होती. आठवा फेरा मी बिरोबाच्या नावाने वळला. मग यंत्रात पोलादाची खूण निवडली, आकडा खाली ठेवला, आणि पाण्यात भिजवलेली वात लावून दहा वेळा तापवून पाहिली. वात सुकली की यंत्र आपोआप थांबत होते. दहाही वेळा वात पांढरीच राहिली. ती पांढरी वात मी बिराप्पाच्या तळहातावर ठेवली.

चैत्रातल्या जत्रेत त्या वर्षी बिराप्पा गायला नाही. त्याचा चुलतभाऊ उभा राहिला. बिराप्पाने मागे बसून ढोल धरला, असे हिराबाईने पुढे कधीतरी सांगितले. आजोबा-वडिलांपासून त्याच्यापर्यंत चालत आलेल्या ओळीत मी खंड पाडला होता. कॉइल वर्षभर टिकली नाही. मी तशाच आठ फेऱ्यांच्या आणखी वळून दिल्या. औषध तो हळूहळू पातळ करीत गेला. बंदी आली तोवर त्याचे ओढणे दिवसातून दोनतीनदा एवढेच उरले होते, आणि बंदीच्या बातमीनंतर ती डबी त्याने कायमची बंद केली. त्यानंतर बिडीही पेटवली नाही. हे यंत्राचे यश असे मी म्हणणार नाही. हिराबाईने घरात काडेपेटीसुद्धा स्वतःच्या कनवटीला ठेवली होती, हेही लक्षात घ्यावे.

मी दुकान बंद केले त्या वर्षी दोघांनी मला जत्रेला बोलावले. चुलतभावाचे गुडघे दुखू लागले होते आणि सुंबरान पुन्हा बिराप्पाकडे आले होते. मी गेलो. बाभळींच्या विरळ सावलीत घोंगडी अंथरून मला बसवले. बिराप्पाने कानावर हात ठेवला आणि देवांची नावे घेत ओळ वर नेली. एका ठिकाणी ती ओळ आणखी वर जायला हवी, हे त्या गाण्याचे ज्ञान नसलेल्या मलाही कळले. तेथे तो थांबला. मागच्यांनी ढोलावर वेळ भरून काढला, आणि मग तो खालच्या पट्टीतून पुढे गेला.

गाणे संपल्यावर तो माझ्याजवळ येऊन बसला. "वरची जागा गेली, गुर्जी. डागतर म्हनला, बिडीनं किती नेली आन् त्या करपटानं किती, ते सांगता येत न्हाई."

मी म्हणालो, "त्यातली काही मी नेली."

मला वाटले तो नाकारील. खेड्यातली माणसे वडीलधाऱ्याचे मन राखतात. त्याने घोंगडीवरची काडी उचलून मोडली आणि म्हणाला, "व्हय. तुमी नेली. उरली ती बी तुमीच राखली. जावा जेवून."

हिराबाईने माझ्यासाठी वेगळ्या चुलीवर पुरणपोळ्या केल्या होत्या. वाढताना म्हणाली, "मोजू नका, खावा."

जेवणानंतर ओवीचा दुसरा फेर उभा राहिला. तीच चाल पुन्हा चढू लागली आणि त्याच ठिकाणी बिराप्पा पुन्हा थांबला. ढोल वाजत राहिला. मी मांडीवर हात ठेवून, सवयीने, एका ठोक्याला एक असे मोजू लागलो. या वेळी आकडे नव्हते. केशव, नारायण, माधव, गोविंद, विष्णू, मधुसूदन, त्रिविक्रम. आठव्या ठोक्यावर बिरोबाचे नाव घेत बिराप्पाचा आवाज परत आला, खालच्या पट्टीत, न फाटता.